पाळी गेल्यावरची हार्मोनची औषधं: लिहून दिलीत, पण सुरू करायची हिंमत होत नाही

पळसफूल

नमस्कार मंडळी. मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. वय ५१, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. पाळी गेली तेव्हा सुटले असं वाटलं होतं. पुढे जे सुरू झालं त्याबद्दल कोणी कधी सांगितलंच नव्हतं. बसल्या जागी छातीतून वाफ उठते, गळा आणि चेहरा तापतो, घामाने ब्लाऊज पाठीला चिकटतो आणि थोड्या वेळाने उलट थंडी वाजते. मे महिन्यात उन्हाचं असेल म्हणून दिवस काढले. पण डिसेंबरात घरचे सगळे शेकोटीभोवती बसलेले आणि मी अंगणात पदराने वारा घेत उभी, तेव्हा उन्हाचा काही संबंध नाही हे लक्षात आलं. रात्री झोप मोडते ती मोडतेच. सकाळी लेकरांची वजनं घेताना, मोबाइलवर हजेरी भरताना डोकं जाग्यावर नसतं. एखाद्या लेकरावर खेकसले की दिवसभर मनाला लागून राहतं.

शेवटी सेवाग्रामला दाखवलं. बीपी, साखर, थायरॉइड, सोनोग्राफी, मॅमोग्राफी सगळं झालं, सगळं ठीक निघालं. डॉक्टरीणबाईंनी अंगाला लावायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री घ्यायची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल लिहून दिली. औषध आणलं, पण अजून कपाटातच आहे. माझी जाऊ म्हणते, "हार्मोन घेतलं की छातीचा कॅन्सर होते." औषध दुकानदार म्हणाला, "या वयात हे कायले पाहिजे?" आमचे हे म्हणतात, तुला बरं वाटत असेल तर घे, पण भीती त्यांच्याही चेहऱ्यावर दिसते.

ज्यांनी घेतलं, किंवा विचार करून घेतलं नाही, त्यांनी मोकळेपणाने लिहा. गावात हा विषय कोणाजवळ काढायची सोय नाही.

निंबाची_सावली

ताई, माझं स्पष्ट मत आहे, घेऊ नका. माझ्या सख्ख्या बहिणीला ४९ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. तिने कधी हार्मोन घेतलं नव्हतं, पण तिच्या गाठीला इस्ट्रोजेनच खतपाणी घालतं असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. मग ते बाहेरून कशाला घ्यायचं? २००२ मध्ये अमेरिकेत या औषधांवरचा मोठा अभ्यास मध्येच थांबवावा लागला होता, तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. आपल्या आया-आज्यांनी हे निभावलंच ना? जवसाची चटणी खा, सकाळी चालायला जा, रात्री चहा बंद करा.

वावरवाली

निंबाताई, तुमच्या बहिणीचं वाचून लय वाईट वाटलं जी. पण आया-आज्यांनं निभावलं म्हणता, कसं निभावलं हे आपण इचारलं काय कधी? माही आजी रातभर वट्ट्यावर बसून राहे. घरचे म्हणत, बुढीले झोप नाही. इतकंच.

माहं सांगतो. मी दिग्रसकडची. ३८ व्या वर्षी माही पिशवी काढली. अंगावरून पांढरं जाये, तर डॉक्टर म्हणे पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईन. घाबरून आमी पैसे गोळा केले अन् ऑपरेशन करून आलो. त्याच्यासंगं अंडाशय बी काढले हे मले कोणी सांगतलंच नाही. थोड्याच दिवसात अंगात आग, धडधड, घाम. कापूस वेचता वेचता ओटी सोडून धुऱ्यावर जाऊन बसो. बाया म्हणत, हिले कामाचा कंटाळा. असे कितीक वर्स गेले, मंग हाडं दुखाले लागले. यवतमाळले एका डॉक्टरीणबाईनं ऑपरेशनचं जुनं कार्ड वाचून सांगतलं का तुही पाळी वेळेच्या आंधीच बंद पाडली गेली, म्हून तुले हे औषध पाह्यजेच. तवापासून मी इस्ट्रोजेनची एक गोळी घेतो. झोप लागते. कमरेचं दुखणं सारं गेलं नाही, खोटं कायले सांगू, पण वावरात उभी राहू शकतो.

पळसताई, घाबरू नका. पण आपल्या मनानं बी काही करू नका.

तालुक्याची_डॉक्टर

मी चंद्रपूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. कागद बघितल्याशिवाय कोणाला घ्या किंवा घेऊ नका म्हणणार नाही, ते ज्यांनी तपासलं त्यांच्याशी बोलूनच ठरवा. पण वरची भीती आली कुठून, ते सांगते.

निंबाताई म्हणतात तो अभ्यास म्हणजे 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'. त्याचा एक भाग जुलै २००२ मध्ये थांबवला. त्यात १६ हजारांवर बायका होत्या आणि त्यांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणजे बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटली होती. त्यांना गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं एक कृत्रिम औषध, दोन्ही गोळीतून दिलं होतं. औषध न घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर वर्षाला दर दहा हजारांत ३० जणींना झाला, घेणाऱ्यांत ३८ जणींना. हे जास्तीचे आठ खरे आहेत, मी ते झाकणार नाही. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या. पण बातमी पसरली ती अशी, की जी घेईल तिला कॅन्सर होणारच. खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण त्याच अभ्यासात कमी झालं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पिशवी काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलेला दुसरा भाग २००४ मध्ये थांबला. त्यात पक्षाघात वाढला, स्तनाचा कॅन्सर वाढला नाही.

त्या बातमीनंतर जगभर डॉक्टरांनी ही औषधं लिहिणंच सोडलं. माझ्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी चांगल्या डॉक्टरांनी "सहन करा" एवढंच सांगितलं. पुढे वयानुसार आकडे वेगळे काढून पाहिले तेव्हा चित्र बदललं. आता सर्वसाधारणपणे असं मानतात की साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास खरोखर असलेल्या आणि मनाई नसलेल्या बाईला यातून धोक्यापेक्षा फायदा जास्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या औषधांवरचे काळ्या चौकटीतले, म्हणजे सगळ्यात कडक, बरेचसे इशारे काढत असल्याचं जाहीर केलं. एक मात्र ठेवला, आणि तो प्रत्येकीने लक्षात ठेवावा: पिशवी शाबूत असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर पिशवीच्या आतलं अस्तर वाढत जातं आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो. प्रोजेस्टेरॉन त्यासाठीच सोबत देतात. पळसताई, तुमच्या दोन औषधांतलं एकही स्वतःहून बंद करू नका. कॅप्सूलने झोप येते म्हणून ती रात्रीच घ्यायची. वावरवाली ताईंची पिशवी नाही, म्हणून त्यांना एकच गोळी पुरते.

मनाई कोणाला? स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल आणि त्याचं कारण सापडलं नसेल, पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, यकृताचा आजार चालू असेल. बीपी वाढलेलं असेल तर आधी ते आटोक्यात आणायचं. खर्रा आणि नस या तंबाखूच्या सवयींबद्दल डॉक्टरांना खरं सांगा. आमच्याकडे बायका नवऱ्यासमोर ते कबूल करत नाहीत, मग मी नवऱ्यालाच बाहेर बसवते.

वावरवाली

मॅडम, माह्यासारख्या लय बाया हायेत. पिशवी काढली इतकंच माहीत, अंडाशयाचं माहीत नाही. कसं समजावं?

तालुक्याची_डॉक्टर

डिस्चार्ज कार्ड शोधा. ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत, कुठेतरी असतंच. त्यावर ऑपरेशनच्या रकान्यात इंग्रजीत टीएएच किंवा व्हीएच लिहिलेलं असतं, म्हणजे पिशवी काढली. त्यापुढे बीएसओ अशी तीन अक्षरं असतील तर दोन्ही अंडाशयंही काढलीत. यूएसओ असेल तर एका बाजूचं काढलं, एक राहिलं. वाचता येत नसेल तर फोटो काढून आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीतून बराच अंदाज येतो.

चाळिशीच्या आसपास किंवा त्याआधी दोन्ही अंडाशयं गेली असतील तर हिशोबच वेगळा. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास जाते. पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. त्या वयाच्या कितीतरी आधी शरीरातलं इस्ट्रोजेन एका दिवसात बंद झालं तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अशा बाईला मनाई करणारं कारण नसेल तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत तरी हार्मोन द्यावं असाच सल्ला असतो, अंगातून वाफा निघत नसल्या तरी. ६३ वर्षांच्या बायकांवरच्या अभ्यासाचे आकडे ३८ वर्षांच्या बाईला लावून तिचं औषध अडवणं, याचा मला मनापासून राग येतो.

धुरकरी

मी पुरुष आहे, लिहू की नको असं वाटत होतं. माझी बायको ४८ वर्षांची. पाळी अजून अधूनमधून येते, तीन-चार महिन्यांनी. रात्री उठून पंख्याखाली बसते, लोडशेडिंग असलं की अंगणात. चिडचिड इतकी, की पोरं घरात थांबत नाहीत. आई म्हणते, सुनेला माज आला. मला तसं वाटत नाही, तिचा हा स्वभावच नव्हता. दोन प्रश्न. पाळी पूर्ण गेली नसताना हे औषध देतात का? आणि आमचं सगळं वावर सोयाबीनचं आहे, सोयाबीनमध्ये हार्मोन असतं असं ऐकलं, तेच खाऊ घातलं तर?

तालुक्याची_डॉक्टर

भाऊ, लिहिलंत हे फार बरं केलं. आईंनाही हे सांगा, आणि बायकोसमोर सांगा.

पाळी अनियमित झाली की हा त्रास सुरू होऊ शकतो आणि तेव्हाही औषध देता येतं. फक्त प्रोजेस्टेरॉन महिन्यातून १२ ते १४ दिवस देतात आणि नंतर पाळीसारखं रक्त जातं. पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बाईला ते बहुधा रोज देतात, म्हणजे पाळी परत सुरू होत नाही. या औषधाने गर्भ राहायचा थांबत नाही, हेही तुम्हाला माहीत असावं. पंचेचाळिशीनंतर अशी लक्षणं असतील तर हार्मोनच्या महागड्या रक्ततपासण्यांची बहुतेक वेळा गरज नसते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र बघून घ्या. आणि रात्रीच्या घामासोबत वजन उतरत असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, तर पाळीचं म्हणून सोडू नका, आधी टीबीची तपासणी.

सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन असतात, ते इस्ट्रोजेनसारखं थोडं काम करतात. काही बायकांना वाफा थोड्या कमी झाल्यासारख्या वाटतात, पण औषधाची बरोबरी नाही. सोयाबीन तेलात ते जवळपास नसतात, त्यामुळे फोडणी बदलून काही होणार नाही. खायचं तर भिजवून, नीट शिजवून उसळ करा, किंवा पिठात थोडं भाजलेलं दळून घ्या. कच्चं खाऊ नका.

मोहफूल

मी गडचिरोलीत आशांची गटप्रवर्तक आहे. डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं सगळं खरं, पण आमच्या बायका तपासणीच्या टेबलापर्यंतच पोहोचत नाहीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी इथल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. आता दवाखाने वाढले, तरी पन्नाशीच्या बाईला कोणी विचारत नाही. आमच्या रजिस्टरमध्ये गरोदर आहे, बाळंतीण आहे. पाळी गेलेली बाई त्यात कुठेच बसत नाही.

तीस वर्षांवरच्या बायकांची बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात फुकट होते. त्या दिवशी मी पाळी गेलेल्या बायांना मुद्दाम घेऊन जाते. हार्मोन घ्यायचं ठरो न ठरो, तपासणी तर होते.

माझा प्रश्न सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. आमच्याकडे घराघरांत त्याच्या तपासणीची कार्डं आहेत. त्या बायकांनी काय करावं?

तालुक्याची_डॉक्टर

फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. सिकलसेलचा आजार असेल, म्हणजे कार्डावर एसएस असेल, तर रक्तात गुठळी होण्याचा धोका मुळातच जास्त. गोळीतलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तो धोका आणखी वाढवतं. कातडीवाटे गेलेल्या जेलने किंवा अंगाला चिकटवायच्या पट्टीने तो तितका वाढत नाही. तरी एसएस असलेल्या बाईचा निर्णय तिच्या सिकलसेलच्या डॉक्टरांना विचारूनच व्हावा. एएस म्हणजे वाहक, तिला सरसकट मनाई नाही, पण सांगायलाच हवं. माझ्याकडे येताना बायका सिकलसेलचं कार्ड घरी ठेवून येतात, त्यांना वाटतं पाळीशी त्याचा काय संबंध. मोहफूल ताई, तुमच्या आशांना एवढं सांगा की कार्ड सोबत पाठवायचं.

निंबाची_सावली

मॅडम, तुमचं सगळं वाचलं. वयाचा फरक मला माहीत नव्हता. पळसताईंबद्दल माझा आग्रह नाही. पण माझ्या बहिणीचं काय? तिला कॅन्सरच्या गोळीने वाफा येतात, इतक्या की ती गोळी बंद करू म्हणते. तिच्यासाठी काहीच नाही का?

तालुक्याची_डॉक्टर

आहे. आणि ती गोळी तिला मनाने बंद करू देऊ नका, काहीही झालं तरी. तिला हार्मोन देत नाहीत हे बरोबर, पण हार्मोन नसलेली औषधं आहेत. व्हेन्लाफॅक्सिन हे मुळात नैराश्याचं औषध, कमी मात्रेत वाफा कमी करतं. गॅबापेन्टिन रात्री दिलं तर झोपेलाही मदत होते. तिची कॅन्सरची गोळी टॅमॉक्सिफेन असेल तर पॅरॉक्सेटिन हे नैराश्याचं औषध मात्र नको, त्याने टॅमॉक्सिफेनचा असर कमी होतो. ही नावं कागदावर लिहून तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे न्या आणि सांगा, "हिला हा त्रास आहे, गोळी सुटेल अशी भीती वाटते." एवढं स्पष्ट सांगितलं की ते नक्की मार्ग काढतील.

पळसफूल

बऱ्याच दिवसांनी धाग्यावर आले. सगळ्यांचे मनापासून आभार. मी सेवाग्रामला परत गेले, यावेळी यांनाही आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासमोर सगळं समजावलं, आकडे कागदावर काढून दाखवले. त्याच रात्री सुरू केलं.

एक गोष्ट इथे मुद्दाम लिहिते, कारण ती मला कोणत्याच माहितीपत्रकात नीट सापडली नव्हती. जेल दंडाला लावा असं सांगितलं होतं. पण मी अंगणवाडीत गेले की दोन-तीन वर्षांची लेकरं दंडालाच लोंबकळतात, कडेवर घेतलं की गाल तिथेच टेकवतात. मी हे बोलले तेव्हा डॉक्टरीणबाई एकदम सावध झाल्या. ते औषध लेकरांच्या कातडीतून त्यांच्या अंगात जाऊ शकतं म्हणाल्या. आता रात्री आंघोळ करून, अंग कोरडं करून मांडीच्या आतल्या बाजूला लावते, पूर्ण वाळू देते, हात साबणाने धुते आणि मग पातळ नेसते. सकाळच्या आंघोळीत ती जागा धुऊन निघते. घरात नातवंडं असणाऱ्यांनी हे नक्की पाळावं. जेलमध्ये अल्कोहोल असतं, म्हणून ते वाळेपर्यंत चुलीजवळ जायचं नाही. आमच्या टिनाच्या खोलीत उन्हाळ्यात औषध ठेवायची सोय नाही, म्हणून डबा मधल्या मातीच्या खोलीत ठेवला आहे.

सुरुवातीला छाती जड झाली होती आणि एकदा थोडं रक्ताचं डागलं. घाबरून फोन केला. पहिले काही महिने असं होऊ शकतं, थांबलं नाही किंवा वाढलं तर लगेच या, असं सांगितलं. पुढे ते थांबलं. वाफा पहिल्या काही आठवड्यांतच कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. झोप मात्र परत आली, आणि माझ्यासाठी तेच सगळ्यात मोठं. जावेला मी कागद दाखवला. ती अजून घाबरतेच, पण स्वतःची मॅमोग्राफी करून घ्यायला तयार झाली.

तालुक्याची_डॉक्टर

ताई, लेकरांची गोष्ट लिहिलीत त्याबद्दल खास आभार. मीही आता प्रत्येकीला विचारेन की दिवसभर कडेवर कोण असतं. वर्षातून एकदा परत तपासणी, बीपी मधूनमधून, मॅमोग्राफी डॉक्टर सांगतील तशी. किती वर्षं घ्यायचं ते आत्ताच ठरवायची गरज नाही. दोन औषधं मिळून जितकी जास्त वर्षं घ्याल तितका स्तनाच्या कॅन्सरचा धोका हळूहळू वाढतो, म्हणून दर वर्षी नव्याने ठरवायचं. पायाची पोटरी एका बाजूने सुजली आणि दुखली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर औषध बंद करून तडक दवाखाना.

मोहफूल

मॅडम, अजून एक. आमच्या गावात ६८ वर्षांची एक आजी आहे. पाळी जाऊन वीस वर्षं झाली. लघवीला सारखी जळजळ, बसताना खाली कोरडं पडून चरचरतं. अँटिबायोटिकचे कोर्स झाले, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. तिचं वय तर साठीच्या पुढे गेलं, म्हणजे तिला हार्मोन चालणार नाही ना?

तालुक्याची_डॉक्टर

साठीची आणि दहा वर्षांची अट गोळी, जेल, पट्टी यांसाठी. आजींना योनीमार्गात लावायची इस्ट्रोजेनची क्रीम चालू शकते. ती रक्तात फारच थोडी जाते, तिच्यासोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही, आणि सारख्या होणाऱ्या लघवीच्या जंतुसंसर्गालाही तिने आळा बसतो. साधारण दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा, असा नेहमीचा डोस. लावणं थांबवलं की त्रास परत येतो, म्हणून चालू ठेवावी लागते. आधी लघवीची तपासणी, साखर आणि एकदा आतून तपासणी मात्र हवी. आजींना कधी खालून रक्त गेलंय का, छातीच्या कॅन्सरचा काही इतिहास आहे का, एवढं विचारून ठेवा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगाची ओपीडी असेल त्या दिवशी घेऊन जा. त्यांना एकटं पाठवू नका, तुम्ही सोबत असाल तर त्या बोलतील.